मुकी पेटी: अठ्ठावन्नाव्या वर्षी हार्मोनियम शिकायला बसलेल्या एका ड्रायव्हरचं प्रकरण

या प्रकरणातल्या गृहस्थांना पेटीच्या वर्गात सगळे 'भाऊ' म्हणत, म्हणून इथेही तेच म्हणते. लिहायला त्यांनी होकार दिला आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मिरज मात्र तशीच ठेवली, कारण वाद्यांच्या गल्लीशिवाय ही हकीकत सांगता येत नाही. मी समुपदेशक आहे. संगीत मला ऐकण्यापुरतं कळतं, तेव्हा पेटीबद्दल इथे जे आहे ते भाऊंकडून आणि त्यांच्या सरांकडून समजून घेतलेलं आहे.

पार्श्वभूमी

भाऊंनी 31 वर्षं एसटी चालवली. त्यातली बरीच वर्षं मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी शेवटच्या गावाला पोचायचं, देवळाच्या पारापाशी गाडी लावायची, कंडक्टरबरोबर भाकरी खायची, आणि पहाटे पाचला पहिली गाडी घेऊन निघायचं. साडेतीनला जाग येणं ही त्यांच्या अंगाची सवय झाली होती. गजर कधी लावावा लागला नाही.

फेब्रुवारीअखेर ते निवृत्त झाले. शाल, नारळ, डेपोत फोटो, सहकाऱ्यांना जेवण, सगळं रीतीप्रमाणे झालं. मुलगा चाकणला कंपनीत, मुलगी लग्न होऊन सोलापूरला. पत्नी अंगणवाडीत मदतनीस, त्या सकाळी नऊला घर सोडतात. म्हणजे 31 वर्षं ज्या माणसाच्या पाठीमागे रोज पन्नास माणसं बसलेली असत, तो आता सकाळी नऊपासून दुपारपर्यंत दोन खोल्यांत एकटा. त्यात साडेतीनची जाग होतीच. ती निवृत्त झाली नव्हती.

पहिले दोन महिने बरे गेले. घराची डागडुजी केली, गावाकडे जाऊन आले. मे महिन्यापासून त्यांनी कट्ट्यावर जाणं बंद केलं. जूनमध्ये जेवण कमी झालं.

अडचण

ते माझ्याकडे थेट आले नाहीत. आपल्याकडे या वयाचा पुरुष 'मला उदास वाटतं' म्हणून दवाखान्यात जात नाही; छातीत धडधडतं, डोकं जड आहे, अन्नावर वासना नाही, असं सांगतो. ईसीजी झाला, रक्त तपासलं, थायरॉईड पाहिलं, सगळं ठीक. फॅमिली डॉक्टर जुने आणि जाणते होते, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. भाऊंनी ती चिठ्ठी तीन आठवडे शर्टाच्या खिशात ठेवली. 'मला काय वेड लागलंय का?' हा प्रश्न ते पत्नीला रोज विचारत होते. शेवटी एक दिवस पत्नीनंच त्यांना रिक्षात बसवलं.

निदान मध्यम स्वरूपाच्या नैराश्याचं झालं. पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते, 27 पैकी गुण मोजतात; गुण जितके जास्त, तितकं नैराश्य जास्त. भाऊंचे 14 आले. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा असतो. तो मी वेगळा, सावकाश आणि दोनदा विचारते. त्यांचं उत्तर 'नाही' होतं, आणि पुढे दर भेटीत ते पुन्हा विचारलं गेलं. डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि पंधरा दिवसांतून एकदा माझ्याकडे यायचं ठरलं.

पहिल्या दोन भेटींत ते जेमतेम बोलले. त्यांच्या तोंडचं एक वाक्य मी लिहून ठेवलं होतं: 'मॅडम, गाडी बंद आहे पण डोक्यात इंजिन चालूच आहे.' पहाटे साडेतीनला जाग, मग सहापर्यंत छताकडे बघत तेच ते विचार: मुलाचं घराचं कर्ज, वीस वर्षांपूर्वी घाटात थोडक्यात चुकलेला अपघात, आपण आता कुणाच्या उपयोगाचे नाही. मानसशास्त्रात याला विचारांचं रवंथ म्हणतात आणि नैराश्य टिकून राहण्यामागे त्याचा मोठा हात असतो. दिवस रिकामा असला की रवंथाला मोकळं रानच मिळतं.

कोणते पर्याय होते

औषध होतंच, ते चालू राहणार यावर दुमत नव्हतं. प्रश्न दिवसाचा होता. नैराश्यात माणूस म्हणतो, मन लागलं की करीन. उपचारात क्रम उलटा धरावा लागतो: आधी थोडंसं करायचं, मन मागून येतं. पण काय करायचं?

मुलानं सुचवलं, शाळेची बस चालवा. पैसे मिळतील, सवयीचं काम आहे. मला सुरुवातीला हे पटलं होतं. पण भाऊंचे हात स्टिअरिंगच्या नुसत्या विचारानं घामेजत होते, आणि झोप नसलेल्या माणसानं मुलांची बस चालवू नये, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. तो पर्याय तिथेच संपला. सकाळचा चालण्याचा गट झाला, तो आठ दिवस टिकला. सगळे पेन्शन आणि गुडघ्यांबद्दल बोलत, भाऊ आणखी गप्प होऊन घरी येत.

चौथ्या भेटीत मी विचारलं, वेळेचं भान गेलंय असं शेवटचं कधी झालं होतं? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, मुक्कामाच्या गावी देवळात भजन असायचं. गाडी लावली की ते मागे खांबाला टेकून बसायचे. एकदा भजन सुरू व्हायच्या आधी पेटी मोकळी होती, त्यांनी बुवांना विचारलं, जरा हात लावून बघू का? बुवा म्हणाले, 'लावा की, पण आधी हात धुऊन या.' हाताला ग्रीस होतं. आडावर जाऊन, राख लावून, हात घासून ते परत आले तोवर गजर सुरू झाला होता. 'मग राहिलंच,' ते म्हणाले. या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती. सांगताना ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

वाद्य शिकायचा विचार तिथून आला. तो विचार माझा नव्हता. मी फक्त ती बोटं पाहिली.

पेटीच का

मिरजेत राहून वाद्य म्हटलं की आधी सतार आठवते. भोपळ्यापासून सतारी आणि तानपुरे घडवणारी घराणी इथे दीडशेहून अधिक वर्षं आहेत, आणि मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भाऊ एका दुकानात नुसते बघायला गेले, तेव्हा तिथल्या कारागिरांनी त्यांना गल्लीचा इतिहास सांगितला: हे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचं काम आटलं तसे एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. पुढच्या भेटीत भाऊंनी हे मला दोनदा सांगितलं. हातातलं काम सुटलं म्हणून हात सुटत नाहीत, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

पण सतार त्यांनी घेतली नाही, आणि ते बरोबरच होतं. तारेनं बोटं कापतात, बैठक अवघड, त्यांची कंबर आधीच गेलेली. शिवाय कानाला बरं वाटेल असं काही वाजायला महिनोन् महिने लागतात. बासरीत तर पहिले काही दिवस नुसती हवाच येते. निरोगी, उत्साही माणसाला ही वाट बघणं जमतं. नैराश्यातल्या माणसाला प्रत्येक फसलेला सूर 'तुला काहीच येत नाही' याचा पुरावा वाटतो. तबल्याचा विचार झाला, पण शेजारची भिंत सामाईक.

पेटीचं तसं नाही. भाता मारला, पट्टी दाबली की सूर लागतो, आणि तो सुरातच लागतो. शिकणं पुढे आहेच, आणि अवघड आहे, पण पहिल्या दिवशी हाताला काहीतरी मिळतं. शास्त्रीय संगीतातल्या अनेकांचा पेटीवरचा आक्षेप नेमका यातूनच येतो. सूर बांधलेले, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. याच वादातून ऑल इंडिया रेडिओनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली. सरांनी हे सांगितलं तेव्हा भाऊंनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि म्हणाले, 'एकतीस वर्षं. माझ्या नोकरीएवढी.' इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा हसले ते यावर, असं सर सांगतात.

वाद्य लगेच विकत घ्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. सरांनी त्यांच्याकडची जुनी पेटी दोन महिन्यांसाठी दिली. सोडून द्यावंसं वाटलं तर घरात आठ हजारांचा पुरावा पडून राहू नये, हा हेतू होता. हा निर्णय आजही मला योग्य वाटतो.

आणखी एक निर्णय होता: सरांना आजाराबद्दल सांगायचं का? भाऊ नको म्हणाले. सर त्यांच्यापेक्षा चोवीस वर्षांनी लहान, त्यांच्यासमोर शिष्य म्हणून बसणंच जड जात होतं. मी मान राखला. त्याचे परिणाम पुढे येतीलच.

पहिले सहा महिने

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाला. पहिल्या तासाला आजूबाजूला आठ-नऊ वर्षांची मुलं, त्यातली एक मुलगी भाऊंपेक्षा किती तरी पुढे. भाऊ पुढच्या वेळी गेलेच नाहीत. सरांनी फोन करून त्यांना मुलं गेल्यावरची, संध्याकाळी साडेसातची वेळ दिली. तीन महिन्यांनी भाऊच मुलांच्या वेळेला येऊ लागले, ती पुढची मुलगी त्यांची बोटं दुरुस्त करू लागली, आणि त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं. पण सुरुवातीला ती वेगळी वेळ मिळाली नसती तर हे प्रकरण दुसऱ्याच तासाला संपलं असतं.

रोजचा रियाज वीस मिनिटांचा ठरला. सारेग, रेगम, गमप... असे पलटे, एकाच लयीत, चढते आणि उतरते. डावा हात भात्यावर. भाऊंचा हात जड होता. भाता ते हँडब्रेक ओढावा तसा ओढत आणि सूर ओरडल्यासारखा येई. सरांनी त्यांना पट्टीवर फक्त सा धरून भाता इतका हळू हलवायला लावला की आवाज वर-खाली व्हायचा नाही. या एका गोष्टीला तीन आठवडे गेले. भाऊ सांगतात, भाता नीट चालायला लागला की श्वास आपोआप संथ होतो, आणि बोटं, मात्रा, कान या तिन्हीकडे लक्ष ठेवताना कर्जाचा विचार करायला जागा उरत नाही. यावर मी माझ्याकडून अधिक काही जोडू इच्छित नाही, एवढंच की रवंथ तोडायला डोक्याला पूर्ण गुंतवणारं पण न घाबरवणारं काम लागतं, आणि पलटे नेमके तसे निघाले.

कान मात्र त्यांचा तयार होता. इंजिनाच्या आवाजावरून कुठला नोझल बिघडलाय ते सांगणारा माणूस. सरांच्या पेटीतला मधल्या सप्तकातला एक सूर किंचित उतरलाय हे त्यांनी दुसऱ्या महिन्यात सांगितलं. सरांनी पेटी उघडली, सूरपट्टी काढून पाहिली, पितळी जिभेवर कचरा बसला होता. त्या दिवशी भाऊ घरी चालत आले, रिक्षा केली नाही. तीस वर्षांची कमाई नव्या ठिकाणी चालतेय हे कळणं म्हणजे काय, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी पत्नी सुरुवातीला कंटाळल्या. तोच पलटा दिवसाला चाळीस वेळा ऐकायचा म्हणजे शिक्षाच. पण दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, 'अहो, तो ग चुकला.' भाऊंनी थांबून पुन्हा वाजवलं. खरंच चुकला होता. त्यानंतर दोघांत बोलणं वाढलं, असं दोघंही वेगवेगळे सांगतात.

पहाटेचं जागेपण तसंच होतं. झोपेच्या उपचारात सांगतात, जाग आल्यावर लोळत पडू नका, उठून काहीतरी शांत काम करा. भाऊंनी विचारलं, पेटी घेऊ? पहाटे साडेतीनला, सामाईक भिंतीच्या घरात? मग त्यांनीच वाट काढली. भाता न उघडता पेटी पुढे घ्यायची आणि पट्ट्यांवर नुसती बोटं चालवायची. हवा नाही, म्हणजे सूर नाही. लाकडी पट्ट्यांचा टकटक आवाज तेवढा. याला ते 'मुकी पेटी' म्हणतात. मिणमिणत्या दिव्यात, पाठीला भिंत, अर्धा तास न वाजणारे पलटे, आणि सूर फक्त डोक्यात. मला ही कल्पना फार आवडली. आवडली म्हणून मी तिच्या दुसऱ्या बाजूचा नीट विचार केला नाही.

नोव्हेंबरअखेर पीएचक्यू-9 चे गुण 9 वर आले. जेवण सुधारलं. आठ हजारांत जुनी, दुहेरी सुरांची पेटी घरी आली. भूप राग सुरू झाला. पाचच स्वर, म आणि नी नाहीत, पांढरी एकला, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला, सा धरला तर सगळा पांढऱ्या पट्ट्यांवर.

जिथे आम्ही चुकलो

जानेवारीत वर्गातली मुलं प्रारंभिक परीक्षेचे अर्ज भरत होती. सरांनी भाऊंना विचारलं. भाऊंनी मला विचारलं. मी म्हटलं, जरूर द्या, ध्येय असलेलं चांगलं. हे वाक्य मी किती सहज बोलले, ते मला अजून आठवतं.

परीक्षा एप्रिलमध्ये. फेब्रुवारीपासून रियाज दीड तासावर गेला. नाद, स्वर, सप्तक, थाट यांच्या व्याख्या वहीत उतरवून पाठ करू लागले. मार्चच्या मध्यापासून धडधड परत आली. मुकी पेटी आता अडीचलाच सुरू होऊ लागली, कारण उठण्याला कारण मिळालं होतं. झोप चार तासांवर आली. मी ही चिन्हं 'परीक्षेची नेहमीची धास्ती' म्हणून पाहिली.

परीक्षा झाली. टेबलामागे अनोळखी परीक्षक, समोर परकी पेटी, तिचा भाता हलका. भाऊंनी भूप सुरू केला आणि दुसऱ्या ओळीत बोटं थांबली. परीक्षकांनी समजुतीनं पुन्हा सुरू करा म्हटलं. त्यांनी पुन्हा वाजवलं, तोंडी प्रश्नांना अर्धी उत्तरं दिली. निकालात पास झाले. घरी येऊन त्यांनी पेटीवर जुनी चादर टाकली, ती कॉटखाली सरकवली, आणि पाच आठवडे बाहेर काढली नाही. गुण 12 वर गेले.

'पास झालात की,' असं सगळे म्हणत होते, मीसुद्धा. मग एका भेटीत ते म्हणाले, 'मॅडम, गाडी चालवताना चुकून चालत नाही. मागं पन्नास माणसं असतात. आख्ख्या जन्मात ही एकच जागा होती, जिथं चुकलं तरी कुणाला काही होत नव्हतं.'

या प्रकरणात मला जे समजलं ते याच वाक्यात आहे. मी समजत होते की त्यांना संगीतानं बरं वाटतंय, प्रगतीनं बरं वाटतंय, वेळ जातो म्हणून बरं वाटतंय. ते सगळं थोडं थोडं खरं असेल. पण त्यांना खरा आराम मिळत होता तो चुकण्याची मोकळीक मिळाल्यामुळे: चुकायचं, थांबायचं, पुन्हा सा पासून निघायचं. पोटासाठी ज्यांनी जन्मभर न चुकण्याचं काम केलं, त्यांना पन्नाशी-साठीत नवशिक्या होण्याची ही संधी फार मोलाची असते. आम्ही तिच्यावर गुणपत्रिका ठेवली.

यात परीक्षापद्धतीचा दोष नाही. हजारो मुलांना तिच्यामुळे शिस्त लागते. या माणसाला, त्या महिन्यात, ती नको होती.

वळण

मे महिन्यात पुन्हा पर्याय मांडले. वर्ग सोडणं, वाद्य बदलणं, काही महिने विश्रांती. डॉक्टरांनी औषध कमी करण्याचा विचार पुढे ढकलला. भाऊंनी या वेळी स्वतः सरांना सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. सर काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'भाऊ, हे आधी सांगितलं असतं तर मी फॉर्मच भरू दिला नसता.' ती गुप्तता मी राखली हे व्यावसायिकदृष्ट्या बरोबर होतं, पण सांगण्याचे फायदे मी भाऊंपुढे पुरेसे मांडले नव्हते.

पुढची वाट सरांनी सुचवली. भाऊंच्या कॉलनीतल्या विठ्ठलमंदिरात दर एकादशीला भजन असे. पेटीवाले वयस्कर गृहस्थ थकले होते. सर म्हणाले, वाजवू नका, नुसते त्यांच्या शेजारी बसा. भाऊ दोन एकादशा बसले. तिसऱ्या वेळी गृहस्थांनी पेटी त्यांच्याकडे सरकवली.

अडचण अशी आली की भजनी मंडळाची पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरून सगळे गातात तो सूर, काळी चार, सप्तकातली चौथी काळी पट्टी. भाऊंची सगळी बोटं पांढरी एकला बसलेली. तोच भूप, पण आता सा आणि रे काळ्या पट्ट्यांवर, ग पांढरीवर, प पुन्हा काळीवर, ध पांढरीवर. त्या रात्री त्यांना जवळजवळ काहीच वाजवता आलं नाही. पण इथे कुणी टेबलामागे बसलेलं नव्हतं. टाळ चालू, पखवाज चालू, बुवा गातायत. एक सूर चुकला तर टाळांत बुडून जातो. सरांनी एकच नियम दिला होता: गाडी थांबवायची नाही, सुटलेली ओळ सोडून द्यायची, पुढच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, गाठायचं. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा. म्हणजे दर आठ मात्रांनी पुन्हा चढायची संधी.

आषाढी एकादशीला बुवांनी न सांगता पट्टी खाली, काळी तीनवर घेतली. भूप तिथे सगळाच्या सगळा काळ्या पट्ट्यांवर येतो, बोटांना हिशेब सोपा. भाऊंना ते मधेच लक्षात आलं. नंतर कुणी त्याबद्दल बोललं नाही. मंडळातल्या माणसांना भाऊंच्या आजाराची काही कल्पना नव्हती. नव्या माणसाला असंच सांभाळून घ्यायची त्यांची रीत आहे.

मग कार्तिक आला. कोजागरीपासून महिनाभर देवळात पहाटे काकड आरती असते, माणसं अंघोळ करून पाचच्या आत जमतात. पहाटे पेटीला बसायला मंडळात कुणी तयार नसायचं. साडेतीनला जागा होणारा माणूस तिथे हजर होता. महिनाभर एकही खाडा न करता भाऊंनी काकड्याला पेटी वाजवली. ज्या तासांना ते सगळ्यांत जास्त घाबरत, त्या तासांना आता अंघोळ, धोतर, थंडीत मंदिरापर्यंतची वाट आणि तिथे 'आले का भाऊ?' विचारणारी माणसं होती.

परिणाम

अठरा महिन्यांनंतरचं चित्र असं. पीएचक्यू-9 चे गुण 5. जाग आता सव्वाचारच्या सुमाराला येते आणि साडेनऊला झोप लागते, म्हणजे झोप पुरेशी आहे. डॉक्टरांनी जानेवारीपासून औषध टप्प्याटप्प्यानं कमी केलं; एक दिवसही भाऊंनी ते मनानं बंद केलं नव्हतं. मुलाशी ताण आहे तसाच आहे. कंबर दुखते. चिडचिड कमी झालीय असं ते म्हणतात, पत्नी म्हणतात, 'थोडी.'

यातलं पेटीचं श्रेय किती? एका माणसाच्या प्रकरणावरून ते वेगळं काढता येत नाही. औषध, बोलणं, काळ, घरची साथ, मंडळ, सगळं एकत्र चाललं होतं. संशोधनातून दिशा कळते: 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या एका अभ्यासात साठीपुढच्या लोकांना चार महिने पियानो शिकवल्यावर त्यांची मनःस्थिती सुधारलेली दिसली, पण माणसं थोडी होती. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही संगीताचा फायदा ठळकपणे येतो. यातलं काहीही औषधाला पर्याय म्हणून वापरू नये. भाऊंना जुलैत पेटी देऊन घरी पाठवलं असतं, गोळ्यांशिवाय, तर ती पेटी त्यांनी उघडली असती असं मला वाटत नाही.

पुन्हा करायचं तर

परीक्षेचं नाव मी काढणार नाही, आणि दुसऱ्या कुणी काढलं तर आधी विचारीन, 'नापास झालात तर पेटी उघडाल का?' या प्रश्नाचं उत्तर लगेच 'हो' आलं तरच पुढे जाईन.

मुक्या पेटीबद्दल माझं मन अजून पक्कं झालेलं नाही. तिनं त्या अंधाऱ्या वेळेतलं रवंथ तोडलं, हे खरं. पण आवडतं काम पहाटे ठेवलं की शरीर त्यासाठी लवकर उठायला शिकतं, हेही मार्चमध्ये दिसलं. पुढच्या वेळी तिला मुदत घालीन: पंधरा मिनिटं, तीही चारच्या आधी नाही.

पत्नीला मी तिसऱ्या महिन्यात भेटले. पहिल्याच आठवड्यात भेटायला हवं होतं. ज्या घरात दिवसाला चाळीस पलटे वाजणार, त्या घरातल्या दुसऱ्या माणसाची तयारी विचारायची राहून गेली, आणि निभावलं ते त्यांच्या चांगुलपणावर.

मंडळात नुसतं जाऊन बसणं आम्ही दिवाळीतच सुरू करू शकलो असतो. वाजवायला नव्हे, टाळ घेऊन मागे बसायला. वाद्य येऊ लागल्यावर मग माणसांत जायचं, हा क्रम मी मनात धरला होता. त्यासाठी काही कारण नव्हतं. ज्यांच्या गावात भजनी मंडळ नाही त्यांनी काय करावं, हे मला अनेकदा विचारतात. चर्चमधला गायनगट, गणपतीतलं ढोलपथक, कॉलनीतल्या चार जणांची आठवड्याची बैठक, काहीही चालेल. एकत्र वाजवणं हवं, आणि ऐकणाऱ्यांनी गुण देऊ नयेत.

पुन्हा खालावलं तर काय करायचं हे भाऊंनी एका कागदावर लिहून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलंय. सलग पाच दिवस पेटी उघडावीशी वाटली नाही तर पत्नीला सांगायचं, मग डॉक्टरांना फोन. खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

सध्या एकच प्रश्न उघडा आहे. मंडळाची पट्टी आता परत काळी चारला गेलीय, आणि भाऊंना पट्ट्या सरकवता येणारी स्केल चेंजर पेटी हवी आहे. ती महाग असते. पत्नीचं म्हणणं, पेन्शनीतून एवढे पैसे नकोत. सरांचं म्हणणं, बोटांनाच काळी चार शिकवा, नव्या पेटीची गरज नाही. माझं मत विचारलं तर मी या वेळी काही बोलले नाही. परवा भाऊ आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर चालत होती. विचारलं तर म्हणाले, 'काळी चारचा भूप. जमतंय बघा.'